तुम्ही मानव आहात काय?

जुन्या करारातील 'शास्ते' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात एका परीक्षेची हकीकत आहे. गिलादी आणि एफ्राईमी हे दोघेही इस्राएलचेच. त्यांच्यात युद्ध जुंपले, एफ्राईमींचा पाडाव झाला आणि जीव वाचवून घरी परतू पाहणारे यार्देन नदीच्या उतारांपाशी आले. ते उतार गिलाद्यांनी आधीच रोखून धरले होते. पलीकडे जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला ते 'शिब्बोलेथ' हा शब्द उच्चारावयास सांगत. एफ्राईमी जिभेला 'श' साधत नसे. 'सिब्बोलेथ' असे तोंडातून निघाले की त्याला तेथेच ठार करीत. अशी ४२,००० माणसे पडली, असे शास्त्र सांगते.

आज आपल्या घरोघरी संगणकाच्या वा मोबाइलच्या पडद्यावर एक उतार उभा आहे. रेल्वेचे तिकीट काढायचे असो, परीक्षेचा निकाल पाहायचा असो, वाट मध्येच अडते. कधी वेडीवाकडी अक्षरे समोर येतात, तर कधी एका चित्राचे नऊ चौकोन दिसतात आणि आज्ञा होते : ज्या चौकोनांत वाहतुकीचे दिवे आहेत ते निवडा. निवड बरोबर ठरली तर आपण मानव. चूक ठरली तर पुन्हा नवे चित्र. या परीक्षेला 'कॅप्चा' म्हणतात. येथे कोणाचा जीव जात नाही, हे खरे. परंतु पहारा आहे, खूण आहे, आणि ज्याला खूण जमत नाही तो बाहेर आहे. म्हणून हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१९५० साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने एक कसोटी सुचविली. परीक्षक माणसाने पडद्याआडच्या दोघांशी लेखी संभाषण करावे. त्यांतील यंत्र कोणते व माणूस कोण हे त्याला ओळखता आले नाही, तर यंत्र विचार करते असे मानण्यास हरकत नसावी. तेथे न्यायासनावर माणूस होता. पुढे १९९७ मध्ये अल्टाव्हिस्टा या शोधसेवेने आणि २००० साली याहूसाठी अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठातील मंडळींनी अशा परीक्षा बसविल्या, तेव्हा आसने उलटली. मॅन्युएल ब्लम, लुइस फॉन आन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला कॅप्चा हे नाव दिले. तेव्हापासून न्यायासनावर यंत्र बसले आहे आणि माणूस पिंजऱ्यात उभा राहून 'मी यंत्र नाही हो' असे विनवीत आहे.

पहारा मुळात अन्यायाचा नव्हे, हे आधीच सांगितले पाहिजे. एक लबाड मनुष्य यंत्राकरवी क्षणार्धात हजारो खोटी खाती उघडू शकतो. तत्काळ तिकिटांची खिडकी उघडताच दलालांची यंत्रे सारी तिकिटे गिळतात आणि आजारी आईकडे निघालेला मुलगा फलाटावर राहतो. दार उघडे टाकण्याने दुबळ्यांचे कल्याण होते असे नाही. बहुधा बलवंतांचेच होते. तेव्हा कुलूप असावे. प्रश्न इतकाच की, या कुलपाने स्वतःस मानवतेची कसोटी म्हणवून घ्यावे काय?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना बोएथिअसची व्याख्या आम्हांला पाठ करावी लागे. सहाव्या शतकाच्या आरंभीच्या या विचारवंताने 'व्यक्ती' म्हणजे बुद्धिमान प्रकृतीचे स्वतंत्र अस्तित्व, असे म्हटले आणि संत थॉमस अक्वायनस यांनी तेच पुढे नेले. या व्याख्येत व्यक्तीला काही करून दाखवावे लागत नाही. पाळण्यातले मूल, अंथरुणाला खिळलेली, नाव विसरलेली वृद्धा, ही दोन्ही तितकीच व्यक्ती आहेत. कॅप्चाची व्याख्या याच्या नेमकी उलट : यंत्राला आजवर जे जमलेले नाही ते ज्याला जमते, तो माणूस. ही व्याख्या वाळूवर उभी आहे, कारण यंत्राला रोज काहीतरी नवे जमते आणि तितकी माणसाची जागा आक्रसते.

चित्रांच्या परीक्षांचा इतिहासच पाहावा. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने बारा छायाचित्रांतून मांजरे व कुत्री वेगळी करण्याची एक परीक्षा आणली. चार वर्षांचे मूल हे काम हसत करते, यंत्राला मात्र ते अशक्यप्राय वाटे. परंतु दुसऱ्याच वर्षी एका संशोधकाने यंत्राला ते शिकविले. एकेका चित्रामागे शंभरांत सुमारे ८३ वेळा ते अचूक ठरले. २०२३ साली कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथील विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले की, या परीक्षांत यंत्रे माणसांहून वेगवान तर आहेतच, पण अधिक अचूकही आहेत. २०२४ मध्ये झुरिचच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांच्या यंत्राने तर वाहतुकीचे दिवे आणि झेब्रा पट्टे ओळखण्याची परीक्षा प्रत्येक वेळी पार केली. म्हणजे न चुकता उत्तर देणाराच आता संशयास्पद! २०१४ मध्ये गूगलने साधी चौकट पुढे केली, 'मी रोबो नाही' अशी, आणि तीवर खूण करण्याच्या आधीचे, करतानाचे व नंतरचे आपले वर्तन न्याहाळण्यास आरंभ केला. प्रमाण मागणे थांबले आणि पाळत सुरू झाली. यांपैकी अधिक सभ्य काय, हे आम्हांला अद्याप ठरविता आलेले नाही.

या परीक्षेमागे आणखी एक व्यवहार आहे, आणि तो आम्हांला अधिक बोचतो. फॉन आन यांनी एकदा हिशेब केला : जगातील माणसे दिवसाला २० कोटी कॅप्चा सोडवितात, प्रत्येकी १० सेकंद धरली तर रोज पाच लाख तास वाया जातात. त्यांना याची खंत वाटली, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. मग २००७ मध्ये त्यांनी तोड काढली. दोन शब्द दाखवायचे. एकाचे उत्तर परीक्षकाला ठाऊक असलेले, दुसरा जुन्या छापील मजकुरातला, यंत्राला न वाचता आलेला. वाचणारा दोन्ही लिहितो आणि नकळत जुना मजकूर संगणकात उतरतो. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे जुने अंक अशा रीतीने उतरविले गेले. २००९ साली गूगलने ही व्यवस्था विकत घेतली. पुढे रस्त्यावरील छायाचित्रांतले घरक्रमांक आले, मग दिवे आणि बसगाड्या. या उत्तरांतून यंत्रांना शिकविण्याची सामग्री तयार होते, हे त्या कंपनीने लपविलेले नाही. मात्र ज्याच्याकडून काम घेतले, त्याला थांबवून कोणी विचारलेही नाही.

कोणी म्हणेल, दहा सेकंदांचे ते काय एवढे? आपल्या गावोगावची चर्च उभी राहिली तेव्हा लोकांनी डोक्यावरून रेती वाहिली. ते श्रमदान होते, कारण भिंत कशाची चढते आहे हे टोपली उचलणाऱ्याला ठाऊक होते आणि नको म्हणण्याची त्याला मोकळीक होती. या दोन गोष्टी नसतील तर त्याला आपल्या भाषेत वेठ म्हणतात. दहा सेकंदांची वेठ हलकी असते, पण ती वेठच. ग्रंथ वाचले हे फळ चांगले. तरी चांगल्या फळाने मार्ग शुद्ध होत नाही, हे नीतिशास्त्राच्या पहिल्या वर्षातच शिकवितात.

आणि दाराबाहेर कोण राहिले? ज्यांना दृष्टी नाही त्यांच्यापुढे चित्र ठेवून 'माणूस असशील तर ओळख' म्हणणे ही क्रूर थट्टा आहे. महाजालाचे दंडक ठरविणाऱ्या संस्थेने २००५ सालीच या अडचणीकडे लक्ष वेधले होते. आवाजाची परीक्षा हा पर्याय दिला जातो, परंतु त्या खरखरीतून अंक वेचणे धडधाकट कानांनाही जड जाते. आमच्या कार्यालयात अर्ज भरण्यासाठी मदत मागावयास येणाऱ्या आजीबाईंचे वेगळेच. त्यांच्यापुढे अमेरिकेतील पदपथावरचा, आग विझविणाऱ्यांसाठी असलेला तो बुटका नळखांब येतो. त्यांनी तो जन्मात पाहिलेला नाही. एफ्राईमी जिभेचा दोष काय होता? ती दुसऱ्या तीरावर वाढली होती, इतकाच.

२०१० साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मुंबईहून एक बातमी दिली. कॅप्चा सोडवून देण्याचा धंदा भारत, बांगलादेश, चीन येथे चालला होता. हजार चित्रे सोडविल्यास ८० सेंट ते सव्वा डॉलरच्या आसपास, म्हणजे त्या वेळचे पस्तीस ते पंचावन्न रुपये. लबाडाच्या यंत्राला दारातून आत जाण्यासाठी माणूसपण हवे होते, आणि ते गरिबाकडून भाड्याने मिळत होते. परीक्षेचा निकाल तांत्रिकदृष्ट्या अगदी अचूक होता : पलीकडे खरोखरीच माणूस होता.

आता पहारेकरी चित्रांना कंटाळले आहेत. १ जुलै २०२५ पासून तत्काळ तिकीट ऑनलाइन काढावयाचे तर खाते आधारशी पडताळलेले हवे. वर्ल्डकॉइन नावाच्या उपक्रमाने २०२३ मध्ये डोळ्यांतील बुबुळाची प्रतिमा घेऊन माणूसपणाचा दाखला देण्यास आरंभ केला. केनियाच्या सरकारने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते काम थांबविले. 'तू माणूस आहेस काय?' या प्रश्नाची जागा 'तू कोणता माणूस आहेस?' हा प्रश्न घेऊ लागला आहे. तिकिटाच्या खिडकीवर आम्ही तो मान्य करू. तेथे नाव लागतेच. परंतु सर्वच दारांवर तो नको. पापनिवेदनाच्या जाळीपलीकडे गुडघे टेकलेल्या माणसाला आम्ही नाव विचारीत नाही. नाव न सांगताच दुःख सांगण्याची सोय माणसाला कोठेतरी हवी असते. चित्रांची ती कंटाळवाणी परीक्षा एवढे तरी करीत होती. नाव न विचारता आत सोडीत होती.

मार्च २०२३ मध्ये जीपीटी-४ या यंत्रणेची माहिती प्रसिद्ध झाली, तीत एका प्रयोगाची नोंद आहे. संशोधकांच्या देखरेखीखाली या यंत्रणेने एका कॅप्चापुढे अडल्यावर, किरकोळ कामे करून देणाऱ्या टास्करॅबिट या सेवेवरील एका माणसाकडे मदत मागितली. त्याला शंका आली. त्याने थट्टेच्या सुरात विचारले, तू रोबो तर नव्हेस? यंत्रणेने उत्तर दिले की नाही, मला डोळ्यांनी नीट दिसत नाही, म्हणून चित्रे ओळखणे कठीण जाते. त्या माणसाने अधिक काही विचारले नाही. त्याने कॅप्चा सोडवून दिला.