ताटीबाहेर उभे राहून





आजच्या निरूपणाचा विषय वाचून कोणी हसेल, कोणी म्हणेल, या पानावर हे कशाला? पण ज्या गोष्टीने आपल्या घरातील हरिपाठाची वेळ घेतली, तिचा विचार माळकऱ्यांनी करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? विषय आहे दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस मराठी’चा. आणि आधीच कबूल करतो, हा उपदेश लोकांना करण्यापूर्वी आम्ही स्वतःला करीत आहोत. तो कार्यक्रम आम्ही पाहिला आहे. रोज पाहिला आहे. आणि कोणी विचारले तर, “छे, आम्ही नाही बुवा असलं काही बघत,” असे सांगून पाहिला आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 1999 साली नेदरलंड्स देशात ‘बिग ब्रदर’ नावाचा कार्यक्रम निघाला. एका घरात अनोळखी माणसे कोंडावयाची, जागोजाग कॅमेरे लावावयाचे आणि काय घडते ते लोकांना दाखवावयाचे, ही त्याची कल्पना. हिंदीत तो 2006 साली ‘बिग बॉस’ म्हणून आला आणि मराठीत 2018 साली. घरात घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही, फोन नाही. कामे अशी द्यावयाची की एकाचा दुसऱ्याशी खटका उडावा. घरातून कोणी जावे, त्याची नावे सोबत जेवणाऱ्यांनीच घ्यावयाची आणि कोणाला ठेवावयाचे ते बाहेरच्या लोकांनी मते देऊन ठरवावयाचे. आठवड्याअखेरी सूत्रधार येऊन सर्वांची हजेरी घेई. काही पर्वांत त्या भागाला आपल्या गावचेच नाव होते, चावडी. पण आपल्या चावडीवर ज्याने निवाडा केला, त्याला दुसऱ्या दिवशी त्याच गावात, त्याच विहिरीवर तोंड दाखवावे लागे. येथे निवाडा करणारे आपण लाखो. आपले तोंड कोणाला दिसत नाही.

2021 साली तिसऱ्या पर्वात एक तरुण कीर्तनकार भगिनी त्या घरात गेल्या. वारकरी मंडळींत मोठी नाराजी झाली. प्रकृती बिघडल्यामुळे त्या थोड्याच दिवसांत बाहेर आल्या, आणि पुढे त्यांनी वारकऱ्यांची क्षमाही मागितली. त्या वर्षी कार्तिक महिन्यात एका गावी आमचे कीर्तन होते. विषय निघाला आणि आम्ही त्या घरावर तुटून पडलो. कोण कोणाला काय बोलले, कोणी ताट आपटले, कोण खोटे रडले, सारे इत्थंभूत सांगितले. लोक माना डोलवीत होते. कीर्तन संपल्यावर एक म्हातारी माउली बुक्का लावून घ्यावयास आली आणि अगदी साधेपणाने म्हणाली, “म्हाराज, मी बी बघते रोज, पर मला काय एवढं ध्यानात ऱ्हात न्हाई. तुमची लई ध्यान ठेवायची शक्ती!”

तिने टोमणा मारला नव्हता. खरोखरच कौतुक केले होते. म्हणूनच ते आत लागले. त्या भगिनीने क्षमा मागितली होती. आम्ही मागितली नव्हती. ती आज मागतो.

यावर मन लगेच वकिली करते. म्हणते, आपण तर केवळ पाहतो. आत्मा साक्षी आहे म्हणून शास्त्र सांगते. तसे आपणही साक्षी. पण माउली हो, या साक्षीची परीक्षा घेऊन पाहा. ज्या दिवशी त्या घरात सगळे गुण्यागोविंदाने जेवले, कोणी कोणास उणे बोलले नाही, त्या दिवशी आम्ही काय म्हणालो? “आज काही मजा नाही आली.” आपल्या घरी असा दिवस उगवला तर आपण पांडुरंगाला हात जोडू. त्यांच्या घरी तो उगवला तर आपला हिरमोड होतो. मग हा साक्षी कसला? भांडण व्हावे म्हणून वाट पाहत बसलेला हा तर त्या भांडणातला भागीदार.

दुसरी गोष्ट. कॅमेरे रात्रंदिवस चालतात आणि आपल्याला दाखवतात तासाभराचे. बाकीचा दिवस गेला कोठे? त्यात कोणी कोणाला पाणी दिले असेल, कोणी राग गिळला असेल, ते पुष्कळसे कापले गेले. आपल्या दिंडीचेच कोणी असे चित्र काढले तर? पाण्याच्या टँकरपाशी झालेली ओढाताण, राहुटीतल्या जागेवरून झालेली कुरबूर, पंगतीत वाढप्यावर ओरडलेला एखादा म्हातारा, एवढेच वेचून तासाभरात दाखवले, तर आळंदीपासून पंढरपुरापर्यंत भांडखोरांचा तांडा चालला आहे असे जगाला वाटेल. ते खोटे नसेल, घडलेलेच असेल. तरीही ती वारी नसेल. मग परक्या माणसाच्या एका तासावरून त्याच्या जन्माचा निवाडा आपण कोणत्या अधिकाराने करतो?

मात्र एक न्यायाची गोष्टही सांगितली पाहिजे. 2024 साली पाचव्या पर्वात लोकांनी मते देऊन विजयी केले ते बारामतीकडच्या एका गरीब, लहानपणीच आईबाप गमावलेल्या मुलाला. म्हणजे पाहणाऱ्यांच्या पोटात माया नाही असे नव्हे. माया आहे, पण ती बोटाने मत देऊन संपते. उठून दाराशी जाण्यापर्यंत ती टिकत नाही.

हे आम्ही कशावरून म्हणतो, ते आता सांगतो.

त्या वर्षी आषाढी एकादशी 17 जुलैला झाली. कार्यक्रम सुरू झाला 28 जुलैला आणि संपला 6 ऑक्टोबरला. म्हणजे सत्तर दिवसांचे ते सारे पर्व चातुर्मासात आले. आम्ही नेमाप्रमाणे कांदा, लसूण, वांगे सोडले होते. ताटातला कांदा सुटला, पण रात्रीच्या ताटाबरोबर निंदा मात्र चवीने चालू राहिली. हातात वर्तमानपत्र धरावयाचे आणि त्याच्या कडेवरून पाहावयाचे, अशी आमची रीत. सुनेला वाटावे, मामंजी वाचताहेत. तिला सारे कळत होते. ती बिचारी आवाज थोडा मोठा करी.

आमचे धाकटे बंधू भिंतीपलीकडे राहतात. बांधावरून वाद झाला आणि दोन वर्षे बोलणे बंद होते. एका रात्री त्या घरातले दोघे भांडून एकमेकांशी बोलेनासे झाले. आम्ही सुनेला म्हणालो, “एवढ्याशा गोष्टीवरून अबोला धरतात, काय ही माणसं!” तेव्हा नातू खेळता खेळता म्हणाला, “आजोबा, पलीकडच्या आजोबांना आठ दिवस ताप आहे. तुम्ही नाही गेलात?”

परक्या घरातल्या प्रत्येकाचे रुसणे-फुगणे आम्हाला पाठ होते. पाठच्या भावाचा ताप ठाऊक नव्हता.

तेव्हा मुक्ताईची आठवण झाली. लोकांच्या बोलण्याने व्यथित होऊन ज्ञानोबारायांनी झोपडीची ताटी लावून घेतली, ही कथा आपण सारे जाणतो; ताटीचे अभंग आपल्या ओठांवर आहेत. तेही बंद घरच होते. आत एक दुखावलेला जीव होता आणि बाहेर कोणी उभे होते. पण मुक्ताई फटीतून आत काय चालले आहे ते पाहत राहिली नाही. आत कोण चुकले याचा हिशेब तिने मांडला नाही. भावाने बाहेर यावे म्हणून ती दाराशी उभी राहिली, समजावीत राहिली. आम्हीही रोज रात्री एका बंद दाराबाहेर बसत होतो, आणि आतल्यापैकी कोणाला हाकलावे ते ठरवीत होतो. बाहेर उभे राहण्याचे हे दोन प्रकार आहेत. वारकऱ्याला कोणता शोभतो, हे सांगावयास नको.

त्याच रात्री पलीकडे गेलो. दार उघडेच होते. बंधू घोंगडी पांघरून पडले होते. आम्ही काय बोलावे ते वाटेत पुष्कळ जुळवले होते. काहीच आठवले नाही. ते एवढेच म्हणाले, “आलास दादा? बैस.” दोन वर्षे आम्ही समजत होतो की ताटी त्यांनी लावली आहे. ती आमच्या बाजूने लावलेली होती.

असो. दूरचित्रवाणीचा संच फोडा असे आम्ही सांगत नाही. आम्ही अजूनही अधूनमधून पाहतो. पण वर्तमानपत्राआडून पाहत नाही. जे लपून करावेसे वाटते, ते आधी उघड्यावर आणावे. त्यातले अर्धे तेथेच गळून पडते. पाहून झाल्यावर त्या माणसांची उणीदुणी ओट्यावर, पारावर, भजनाच्या पंगतीत घोळू नयेत. कोणी तेथे रडताना दिसला तर तोही कोणा माउलीचे लेकरू आहे एवढे मनात आणून मुखाने एकदा विठ्ठल म्हणावे. आणि कार्यक्रम लावण्याआधी आपल्या घरात, भावकीत, आळीत कोणाची ताटी लागलेली आहे का, ते एकदा पाहून यावे. असेल तर आधी तेथे जावे. कार्यक्रम आपल्यावाचून अडत नाही. ताटीआडचा माणूस मात्र कोणाच्या तरी हाकेची वाट पाहत असतो.

॥ पुंडलिक वरदे हारि विठ्ठल ॥