तीन पंचांगांचा मुहूर्त

११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँकांना सुट्टी. त्या दुपारपासून काही तासांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे पैसे २८ देशांतल्या एटीएममधून निघत राहिले. १९०६ सालची ही सहकारी बँक, पेठेतल्या माणसानं निर्धास्तपणे पुंजी ठेवावी अशी. तिजोरीला कुणी हात लावला नव्हता. एटीएम पैसे देण्याआधी बँकेच्या स्विचला, म्हणजे मधल्या संगणकयंत्रणेला, विचारतं, ‘देऊ का?’ चोरांनी त्या वाटेवर आपला तोतया स्विच बसवला होता आणि तो येईल त्याला ‘दे’ म्हणत होता. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यावरच्या बनावट संदेशांवर सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींचा.

तोतयांचं पुण्याला नवल नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला होता, त्यानं पेशवाईला चांगलंच दमवलं. पण त्याला निदान चेहरा होता. त्याला पकडता आलं.

सुट्टीचा दिवस साधण्याची ही युक्ती दोन वर्षं आधीची. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं न्यूयॉर्कमधलं खातं असंच लुटलं गेलं. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार, मनिलात सोमवारी चिनी नववर्ष. चोरांनी तीन देशांची पंचांगं मांडून मुहूर्त काढला होता. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या एका बँकशाखेत उतरले आणि बहुतेक कॅसिनोंत जिरले, कारण फिलिपिन्सच्या काळा पैसा रोखणाऱ्या कायद्यात तेव्हा कॅसिनो येतच नव्हते. श्रीलंकेकडे निघालेले २ कोटी डॉलर ‘फाउंडेशन’चं स्पेलिंग चुकल्यानं अडले. शुद्धलेखनाचा इतका मोबदला क्वचितच कुणाला मिळाला असेल.

जागतिकीकरणानं सीमा पुसल्या, म्हणून गुन्हेगारांचं फावलं, असं सर्रास बोललं जातं. मला ते उलटं वाटतं. सीमा खरोखर पुसल्या असत्या तर यातले निम्मे धंदे बसले असते. गुन्हा जगतो तो सीमेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या फरकावर. १९६८ च्या सोने नियंत्रण कायद्याच्या काळात कोकणच्या किनाऱ्यावर रात्री सोन्याची बिस्किटं उतरत, ती दुबई आणि झवेरी बाजार यांच्या भावांतल्या अंतरामुळे. १९९० मध्ये कायदा गेला, पुढे आयात मोकळी झाली आणि त्या धंद्यातली मलई संपली. २०१३ मध्ये आयातशुल्क १० टक्क्यांवर गेलं, तसं सोनं पुन्हा निघालं. आता विमानानं, कधी पेस्ट करून कमरेच्या पट्ट्यात, कधी थेट पोटात. अर्थसंकल्पातला शुल्काचा आकडा तस्करही मन लावून वाचत असणार.

आताचा फरक भावाचा कमी आणि वेळेचा जास्त आहे. पैसा सेकंदात देश ओलांडतो. त्याच्या मागे पोलिसांनी जायचं तर परदेशी न्यायालयाला विनंतिपत्र पाठवायचं. ते न्यायालयातून मंत्रालयात, तिथून दूतावासात, मग तिकडच्या न्यायालयात. कॉसमॉसची हाँगकाँगला गेलेली काही रक्कम परत आली, हेच विशेष. चोराला सीमा लागते ती पळून गेल्यावर मागचं दार लावून घ्यायला.

२०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटानं अहवालात कॉसमॉसचं प्रकरण उत्तर कोरियाच्या खाती मांडलं. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयानं ११ जणांना दोषी ठरवलं, ते मात्र इथले, या साखळीच्या शेवटच्या कडीतले. कोल्हापूरसारख्या शहरांतही बनावट कार्डांवर पैसे निघाले होते. एटीएमच्या त्या काचेच्या खोलीत उभा असलेला माणूस मला दिसतो: हातात कार्डांची चळत, एक आत सारायचं, पिन दाबायचा, नोटा पिशवीत, की पुढचं. वर कॅमेरा. खेळ कोणत्या देशातून चाललाय, हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. आणि यंत्र दर खेपेला अदबीनं विचारणार, पावती हवी का?