गीता १८.३९ : चिलीम आणि महादेवाचं नाव



काल राजस सुख पाहिलं. सुरुवातीला अमृतासारखं, शेवटी विषासारखं. आजच्या श्लोकात भगवंत आणखी एक पायरी खाली उतरतात. तामस सुख सुरुवातीलाही भुलवतं आणि शेवटीही. निद्रा, आळस आणि प्रमाद यांच्यातून ते उपजतं. प्रमाद म्हणजे नुसती चूक नव्हे. जे करायचं ठरवलं होतं ते भानावर नसल्यामुळे राहून जाणं, म्हणजे प्रमाद. राजस सुखात निदान शेवटी पोळतं तरी, म्हणून माणूस जागा होतो. इथे पोळल्याचंही कळत नाही, म्हणून मला हा श्लोक जास्त भीतीदायक वाटतो.

यावर लिहायचं कारण सांगतो. आमच्या गावाकडचा एक पोरगा पुण्यात पोलीस भरतीची तयारी करतोय. परवा फोनवर सहज म्हणाला, "दादा, गांजा म्हणजे काय दारू नाही. झाडपाला आहे. आणि महादेव पण घेतात की!"

बीडच्या माणसाने महादेवाचं नाव घ्यावं तर परळी आठवून घ्यावं. आपल्या परळीच्या देवाचं नावच वैद्यनाथ, वैद्यांचा नाथ. समुद्रमंथनातलं अमृत आणि धन्वंतरी या लिंगात लपवले अशी इथली कथा. असुरांनी हात लावला तेव्हा ज्वाळा निघाल्या, भक्तांनी लावला तेव्हा अमृत. आणि त्याच मंथनातलं हलाहल? ते महादेवांनी मजा म्हणून घेतलं नाही, जग वाचावं म्हणून घेतलं आणि कंठातच थोपवलं. मित्रांना बोलावून त्याची फेरी लावली नाही! चिलीम ओढणारे साधू आहेत, हे मी नाकारत नाही. पण साधू घरदार सोडून बसलेला असतो. या पोराचे आईवडील मुकादमाची उचल घेऊन दरवर्षी ऊसतोडीला जातात, थंडीत कोपीवर झोपतात. त्याच्या खोलीचं भाडं त्या कोयत्यातून येतं.

'झाडपाला'चं बघू. विषारी धोतराही झाडपालाच आहे. गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, त्यातलं टीएचसी नशा आणतं. हे द्रव्य शरीरातल्या चरबीत साठतं आणि रोज ओढणाऱ्याच्या अंगातून निघायला कित्येक दिवस, कधी आठवडे लागतात. आपल्या भाषेत, विंडो बंद केली तरी मागे प्रोसेस चालूच. मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालते. त्या वयात रोज ओढलं तर आधी लक्ष आणि स्मरणशक्ती मार खाते. ओढणाऱ्यांपैकी अंदाजे दहात एकाला त्याचं व्यसन जडतं, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत साधारण सहात एकाला. काहींना भास, संशय, कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटणं सुरू होतं. घरात मानसिक आजाराचा इतिहास असेल तर हा धोका आणखी मोठा.

आणि हा भरतीवाला! १६०० मीटर धावायचं, तेही धुरानं भरलेल्या छातीनं. एनडीपीएस कायदा १९८५ चा. एक किलोपर्यंतचा गांजा 'अल्प प्रमाण' धरला जातो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शेतात झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत. असा गुन्हा नोंदला गेला की चारित्र्य पडताळणीत तो समोर येणारच, मग धावण्याची वेळ कितीही चांगली असो.

मात्र हे सगळं मी त्याला धाकासारखं सांगितलं नाही. धाक घातला की पोरं बोलायची बंद होतात आणि मग खोलीचं दार आतून लागतं. मी एवढंच विचारलं, "आठवड्यातून किती वेळा? आणि नाही मिळालं तर झोप लागते का?" बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "नाही लागत, दादा." सोडताना सुरुवातीला झोप उडते, चिडचिड होते, भूक मरते. त्यात माणूस वाईट ठरत नाही, शरीर सवय मोडत असतं.

तुमचाही असा एखादा मित्र असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, फोन मोफत. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करतंय. गावाकडे असाल तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग गाठा. पोलिसांच्या भीतीनं उपचार टाळू नका. कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये, अल्प प्रमाणाच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला तर त्याला खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं, हेही लक्षात ठेवा.

उद्या श्लोक ४० : पृथ्वीवर किंवा स्वर्गात या तीन गुणांतून सुटलेला कुणीच नाही, असं भगवंत म्हणतात. देवसुद्धा नाहीत. वाचून या, मग बोलू.