उपऱ्याचा भाव

इंग्रजीतल्या ‘आउटसायडर’साठी मराठीत ‘उपरा’ हा चांगला शब्द आहे. लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनाचं ते नाव, आणि त्याच्या इंग्रजी अनुवादाच्या शीर्षकातही ‘आउटसायडर’ आहेच. तरीही घोड्यांच्या शर्यतींवरचा एक मजकूर मराठीत आणताना मला तो वापरवेना. उपऱ्याला गावात जागा नसते. शर्यतीतल्या आउटसायडरला जागा असते, नंबर असतो, आणि मुख्य म्हणजे भाव असतो.

मजकूर चेल्टनमचा होता. इंग्लंडमधल्या या गावी दर मार्चमध्ये चार दिवस अडथळ्यांच्या शर्यती होतात. महालक्ष्मीसारखं सपाट धावणं नाही. घोड्यांनी उड्या मारायच्या, आणि पडायचंही. यातली सर्वांत मानाची शर्यत गोल्ड कप, तीन मैलांहून लांब. १९९०च्या गोल्ड कपमध्ये लोकांचा लाडका होता डेझर्ट ऑर्किड, आदल्या वर्षीचा विजेता. त्याच्यावर ११ पौंड लावले तर नफा जेमतेम १० पौंड. नॉर्टन्स कॉइन नावाच्या घोड्याचा भाव होता एकाला शंभर. त्याचे ट्रेनर सिरेल ग्रिफिथ्स हे वेल्समधले दुधाचा धंदा करणारे शेतकरी. त्या दिवशी सकाळी गायींची धार काढून ते शर्यतीला आले. नॉर्टन्स कॉइन जिंकला, डेझर्ट ऑर्किड तिसरा आला.

अशी गोष्ट वाचली की आपण लगेच त्या घोड्याचे होतो. आपल्याकडे तर ही सवय जुनीच आहे. महाभारत कोणत्याही भाषेत वाचा, रंगभूमीवर कुळ विचारलं गेलेल्या कर्णासाठी जीव तुटतो. मग ज्यांनी नॉर्टन्स कॉइनवर एखादा पौंड लावला होता, ते दुबळ्याच्या बाजूने उभे होते असं म्हणायचं का?

रिचर्ड ग्रिफिथ या मानसशास्त्रज्ञाने (नावाचं साम्य निव्वळ योगायोगाचं) १९४९मध्ये अमेरिकी शर्यतींचे आकडे तपासले. त्याला दिसलं की कमी शक्यतेच्या घोड्यांवर लोक त्यांच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, आणि लाडक्यांवर कमी. पुढे ब्रिटनमधल्या बुकींच्या भावांतही हेच वारंवार आढळलं. म्हणजे वर्षानुवर्षं आउटसायडरवरच पैसे लावणारा, लाडक्यांवर लावणाऱ्यापेक्षा दर पौंडामागे जास्त गमावतो. शंभराचा भाव मोठा दिसतो. खऱ्या शक्यतेच्या मानाने तो बहुधा कमीच असतो. दुबळ्याबद्दलचा आपला कळवळा बुकीला ठाऊक असतो आणि त्याची किंमत तो वसूल करतो. मराठीत दराला आणि मनातल्या ओढीला एकच शब्द आहे, भाव. अनुवादकाला असे शब्द सहसा छळतात. या वेळी त्याने माझं काम सोपं केलं.

पैसे बुडतात हा माझा आक्षेप नाही. सिनेमाच्या तिकिटाचेही बुडतात. मला खटकतं ते वेगळंच. शंभराच्या भावाने पैसे लावणाऱ्याला इतरांचा अविश्वास हवा असतो. सगळ्यांना तो घोडा पटला तर भाव उतरेल आणि मौज संपेल. म्हणून आपला घोडा अखेरच्या वळणापर्यंत तुच्छच राहावा, अशी त्याची गरज असते. कर्णाची बाजू घेणाऱ्याचं असं नसतं. सभेचं मत बदलावं हीच त्याची धडपड असते. दुर्योधनाचा स्वार्थ होता हे खरंच, पण त्याने भर सभेत कर्णाला अंगदेशाचा राजा केलं. शर्यतीच्या भाषेत सांगायचं तर त्याने कर्णाचा भाव पाडला. ग्रिफिथ्स शेतकऱ्याचंही तसंच. घोडा घडवताना, जगाने त्याला नालायक समजावं यात ट्रेनर म्हणून त्यांचा काही फायदा नव्हता.

कुणी म्हणेल, मग लाडक्यावर लावणारा तरी कुठे नीतिमान? नाहीच. तो बलवानाच्या मागे उभा राहतो, एवढंच. २०१५मध्ये ॲनी पॉवर ही घोडी अशीच सर्वांची लाडकी होती. त्याच दिवशी तिच्या तबेल्याचे तीन लाडके आधीच जिंकले होते आणि असंख्य लोकांचे एकत्र लावलेले डाव तिच्यावर अडकले होते. आघाडीवर असताना ती शेवटच्या अडथळ्याला पडली. बुकींचे कोट्यवधी पौंड वाचले, असा हिशेब झाला. आजही ते पडणं त्या आकड्यानेच आठवलं जातं.

ती उठली, आणि पुढच्या वर्षी याच महोत्सवात चॅम्पियन हर्डल जिंकली. अशा पडण्यातून काही घोडे उठत नाहीत. त्यांच्यात लाडकेही असतात आणि शंभराच्या भावाचेही, आणि आपला भाव काय होता हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसतं.