दावेदाराखेरीज इतरांचा जबाब

सातपुड्यात जमिनीचा हक्क फार काळ कागदावर नव्हता. तो माणसांच्या आठवणीत होता. २००६ साली वनहक्क कायदा आला आणि अक्राणी तालुक्यात, म्हणजे धडगावच्या आसपासच्या डोंगरात राहणाऱ्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांवर एक गोष्ट सिद्ध करण्याची वेळ आली : १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ही जमीन आपल्या ताब्यात आहे. आजोबांनी नांगरलेल्या उताराचा सातबारा नसेल, तर पुरावा आणायचा कुठून? २००८ च्या नियमांनी याला उत्तर दिले. नियम १३ मधल्या पुराव्यांच्या यादीत गावातल्या ज्येष्ठांचा लेखी नोंदवलेला जबाबही आहे. मात्र जबाब देणारा स्वतः दावेदार नसावा, आणि निर्णय घेताना एकाहून अधिक पुरावे पाहिले जावेत.

येशूच्या पुनरुत्थानाचा विचार करताना मला हा नियम फार मोलाचा वाटतो. ख्रिस्ती श्रद्धा हीसुद्धा मुळात घडलेल्या घटनेबद्दलचा दावा आहे. पुंडलिकाने वीट कोणत्या साली फेकली हे कळले नाही म्हणून वारकऱ्याची वारी थांबत नाही, आणि थांबण्याचे कारणही नाही. गांधीजींनी १९३१ च्या अखेरीस ‘यंग इंडिया’त येशूबद्दलही असेच म्हटले होते : तो माणूस कधी जगलाच नाही असे उद्या सिद्ध झाले, तरी डोंगरावरचे प्रवचन आपल्यासाठी खरेच राहील. रेव्हरंड ना. वा. टिळकांनाही आधी ओढले ते त्याच प्रवचनाने. रेल्वेच्या प्रवासात हाती आलेल्या नव्या करारातून ते त्यांच्यापर्यंत पोचले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण प्रेषित पौल ही पळवाट ठेवत नाही. ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश आणि तुमचा विश्वास दोन्ही फोल, असे तो करिंथकरांना स्वच्छ लिहितो. आपला दावा फेटाळला कसा जाईल, हे त्याने स्वतःच सांगून ठेवले आहे.

सातपुड्यातल्या पाड्यांवर श्रद्धेची वाट बहुधा आजारपणातून जाते. कुणासाठी प्रार्थना झाली, ताप उतरला, घर सभेला येऊ लागले. त्या अनुभवांना मी खोटे म्हणणार नाही. माणसे त्यांच्या बळावर दारू सोडतात, भांडणे मिटवतात. पण ताप परत येतो. सिकलसेल असलेल्या मुलाचे सांधे प्रार्थनेनंतरही पुन्हा ठणकतात. आणि बरे वाटल्याचा अनुभव बडव्याकडे, म्हणजे गावातल्या भगताकडे, जाऊन आलेल्यालाही येतोच. श्रद्धेचा सगळा भार अशा अनुभवावर टाकला, तर पहिल्या मोठ्या दुःखात ती मोडते, आणि दोष मात्र त्या दुखावलेल्या आईच्या कमी विश्वासाला दिला जातो. हे मला क्रूर वाटते.

म्हणून जबाबाकडे वळू. करिंथकरांस पहिले पत्र साधारण इ.स. ५४-५५ सालचे आणि क्रूसावरचा मृत्यू ३० किंवा ३३ सालचा. मधली वर्षे वीस-पंचवीस. २००५ साली कोण कुठे नांगर धरत होता, हे आज धडगावच्या म्हाताऱ्याला जितक्या अंतरावरून सांगावे लागते, तितकेच हे अंतर. शिवाय पत्राच्या पंधराव्या अध्यायात उठलेल्या येशूला पाहिलेल्यांची जी यादी पौल देतो, ती आपल्याला मिळालेली आहे असे म्हणतो. म्हणजे ती पत्राहून जुनी. मिळाली कुठून? गलतीकरांच्या पत्रात तो सांगतो की आपण जेरुसलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो. यादीत ही दोन्ही नावे आहेत.

आता अडचणीची अट : साक्षीदार दावेदार नसावा. पेत्र आणि बाकीचे शिष्य तर दावेदारच, असे कुणी म्हटले तर ते रास्त आहे. पण याकोब? येशूच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, असे योहानाचे शुभवर्तमानच सांगते. तो पुढे जेरुसलेमच्या मंडळीचा प्रमुख झाला. ६२ च्या सुमारास त्याला धोंडमार करून मारले, ही नोंद योसेफस या यहूदी इतिहासकाराची. पौल तर मंडळीचा छळ करणारा. त्याला या दाव्यातून मिळायचे काहीच नव्हते, गमावायचे होते. माझ्या मते साऱ्या प्रकरणातले सर्वांत वजनदार जबाब हेच दोन.

तिसरा धागा स्त्रियांचा. रिकामी कबर पहिल्यांदा पाहिली ती मग्दालिया मरीयेने, हे चारही शुभवर्तमाने सांगतात. स्त्रियांची साक्ष घेऊ नये, असे योसेफस लिहितो. दुसऱ्या शतकात सेल्सस या टीकाकाराने याच मुद्द्यावरून ख्रिस्ती लोकांची टर उडवली. गोष्ट रचायचीच असती, तर कबरीपाशी पेत्राला उभे केले असते.

विरुद्ध बाजूही मांडायला हवी. पौलाच्या यादीत पाचशे जणांचाही उल्लेख आहे, पण त्यांची नावे तो देत नाही. येशूला पुरले असे तो म्हणतो, पण रिकाम्या कबरीचा उल्लेख करत नाही. कबरीपाशी किती स्त्रिया होत्या, देवदूत एक की दोन, दर्शन गालीलात की जेरुसलेमात, यावर शुभवर्तमाने जुळत नाहीत. मार्काच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवटची बारा वचने नाहीत. तपशिलातल्या या फरकांची मला भीती वाटत नाही. चार ज्येष्ठांचे जबाब शब्दन्‌शब्द सारखे आले, तर शंका तिथे घ्यावी. शिष्यांना भास झाले असतील, हे उत्तर अधिक गंभीर आहे. पण भास बहुधा माणसाच्या अपेक्षेला धरून होतात, आणि त्या काळी पुनरुत्थान मानणारे यहूदी जगाच्या अंती सर्वांच्या उठण्याची वाट पाहत होते. आज एकट्याने, तेही रोमी क्रूसावर मेलेल्याने उठावे, ही कुणाचीच अपेक्षा नव्हती.

इतिहास इथवर आणतो. ‘देवाने उठवले’ हा शेरा त्याच्या अधिकारात बसत नाही. देव असणे ज्याला अशक्य वाटते, तो हेच पुरावे वाचून दुसरीकडे जाईल आणि मी त्याला अप्रामाणिक म्हणणार नाही. मी स्वतः हा दावा मान्य करतो, कारण इतर खुलाशांत याकोब आणि पौल बसत नाहीत. पण मंडळीतला, आश्रमशाळेत दहावीला बसलेला मुलगा ‘कशावरून?’ असे विचारतो, तेव्हा त्याला विश्वास कमी म्हणून गप्प बसवू नये; पौलाने तसे केले नव्हते. करिंथकरांपैकी काहींनी शंका घेतली, तेव्हा त्याने त्यांना साक्षीदार दिले, आणि त्या पाचशेंतले बहुतेक अजून जिवंत आहेत हेही सांगितले.