अस्वल, अन्नदान आणि अभय

भुकेल्याला अन्न देणे पुण्याचे, याबद्दल जगातल्या धर्मांत फारसा वाद नाही. जंगलात मात्र याच्या नेमका उलटा नियम लागू होतो. अस्वलाला माणसाचे अन्न मिळता कामा नये, मग ते हाताने दिलेले असो, चुकून मागे राहिलेले असो किंवा उकिरड्यावर फेकलेले असो. ज्या अस्वलाला खाऊ घातले ते मेलेच समजावे, अशी अमेरिकेतल्या वनरक्षकांमध्ये म्हणच आहे. ज्या दानाने घेणारा मरतो त्याला दान म्हणावे का, आणि अन्न अडवून ठेवणे ही करुणा असू शकते का, हे प्रश्न त्या म्हणीतूनच निघतात.

अस्वलापर्यंत माणसाचे अन्न तीन वाटांनी पोचते. काही अन्न माणूस आपणहून देतो. काही तो टाकतो: हॉटेलांचे खरकटे, सहलीच्या जागी उरलेला भात, कचराकुंडीबाहेर सांडलेले उष्टे. आणि काही त्याने भलत्याच कारणासाठी ठेवलेले असते, जसे तंबूतली शिदोरी, मधपेट्या, घरात वाळवून साठवलेली मोहफुले, देवापुढचा नैवेद्य. समईतले तेल प्यायला अस्वल देवळात शिरल्याच्या घटना दक्षिण भारतात आणि छत्तीसगडमध्ये घडल्या आहेत. पहिल्या प्रकारात हेतू आहे, दुसऱ्यात हलगर्जी आहे आणि तिसऱ्यात कुणाला दोष द्यावा असे काहीच नाही. अस्वलाच्या लेखी मात्र तिन्ही सारखेच. त्याला वास येतो, वासाच्या मागे गेल्यावर पोट भरते, आणि ती जागा त्याच्या पक्की लक्षात राहते.

ही स्मरणशक्ती त्याच्या जगण्याचे साधन आहे. कोणते झाड कधी फळते, कुठल्या वारुळात वाळवी सापडते हे लक्षात ठेवणारा प्राणी कचराकुंडीही विसरत नाही. थंड प्रदेशातली अस्वले हिवाळी झोपेआधी झपाटल्यासारखी खातात. तेव्हा त्यांचा आहार दिवसाला 20,000 कॅलरींपर्यंत जातो. मुंग्या, मुळे आणि बोरे गोळा करत हिंडण्यापेक्षा पीनट बटरची एक बरणी त्यांना परवडते. मादीने शिकलेली वाट पिल्लेही शिकतात, म्हणून एका उन्हाळ्यातल्या बेफिकिरीची किंमत पुढची पिढी मोजते. माणसाच्या वासाला बुजणे थांबले की अस्वल दिवसा वस्तीत येते, गाडीची काच फोडते, कुणाला तरी जखमी करते; मग त्याला पकडून दूर सोडले जाते आणि ते परत आले की गोळी घातली जाते. दान करणारा यातला शेवटचा टप्पा सहसा पाहत नाही.

अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये हा सगळा क्रम कित्येक दशके उघड्यावर चालला. 1872 साली स्थापन झालेल्या या राष्ट्रीय उद्यानात हॉटेलांच्या कचऱ्यावर अस्वले येऊ लागली, तेव्हा ते उपद्रव न ठरता करमणूक ठरले. पर्यटकांना बसायला लाकडी बाके उभारली गेली आणि संध्याकाळी खरकटे ओतण्याचा जणू खेळ लावला गेला. रस्त्यावर मोटारी थांबवून काळ्या अस्वलांना हाताने भरवणे तर सहलीचा भागच होता. 1931 ते 1969 या काळात तिथे वर्षाला सरासरी 48 माणसे अस्वलांमुळे जखमी होत होती. शेजारच्या माँटाना राज्यात, ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानात, 12-13 ऑगस्ट 1967 च्या रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोन तरुणी ग्रिझली अस्वलांच्या हल्ल्यात मरण पावल्या. त्यांपैकी एका ठिकाणी मुक्कामाच्या इमारतीमागे खरकटे टाकून पाहुण्यांना अस्वले दाखवण्याची रोजची प्रथा होती. यलोस्टोननेही 1970 च्या सुमारास आपले उघडे उकिरडे बंद केले. कचरापेट्यांना अस्वलाला न उघडता येणारी झाकणे आली, भरवणाऱ्यांवर कडक कारवाई सुरू झाली, आणि पुढच्या दशकांत जखमींचा आकडा वर्षाला साधारण एकावर आला.

याचा दानाविषयीच्या भारतीय विचारावर काय परिणाम होतो? वरवर पाहता भूतदयेची परंपरा सरळ भरवणाऱ्याच्या बाजूने उभी दिसते. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ गृहस्थाला रोज प्राणिमात्रासाठी अन्न काढून ठेवायला सांगतो. गोग्रास, काकबळी, ताटाभोवतीच्या चित्राहुती ही त्याचीच घरगुती रूपे. पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात हे अन्न जमिनीवर कुणासाठी ठेवावे याची यादी आहे, आणि तिच्यात माणसांशिवाय येतात ते कुत्रे, कावळे आणि कृमी. हे सगळे उंबरठ्याच्या आसपासचे जीव आहेत, माणसाच्या अन्नावर आधीपासून जगणारे. महाराष्ट्रात भूतदयेच्या ज्या दोन कथा पोराटोरांना ठाऊक असतात त्यांतही हेच दिसते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. रामेश्वराला नेण्याची गंगा एकनाथांनी तहानेल्या गाढवाच्या तोंडात घातली. कुत्रा आणि गाढव माणसाने आपल्या दारी आणलेले प्राणी आहेत. त्यांची भूक ही माणसाची जबाबदारी आहे. या कथांचा आधार घेऊन रानातल्या अस्वलाला लाडू देणे म्हणजे कथेतला प्राणी बदलून निष्कर्ष तोच ठेवणे होय.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाला देश, काल आणि पात्र या कसोट्या लावल्या आहेत. ‘पात्र’ याचा अर्थ सहसा लायकी असा घेतला जातो, आणि तसा घेतला तर अस्वलाच्या बाबतीत तो हास्यास्पद ठरतो. पात्र म्हणजे भांडे हा मूळ अर्थ धरला तर मात्र वाक्य चपखल बसते: जे दिले ते घेणाऱ्यात मावते का, त्याला पचते का, एवढाच प्रश्न उरतो. त्याच अध्यायात फळाची अपेक्षा ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. मोटारीच्या खिडकीतून बिस्कीट फेकणाऱ्याला फोटो हवा असतो. पुण्य हवे असणाऱ्याचीही गणना याच खात्यात करावी लागते, हे मात्र सहसा कुणी बोलून दाखवत नाही.

छत्तीसगडमध्ये महासमुंद जिल्ह्यात, बागबाहराजवळच्या घुंचापाली येथे चंडीमातेचे देऊळ आहे. तिथे संध्याकाळी जंगलातून अस्वले येतात आणि भाविक त्यांना प्रसाद देतात. रामकथेतला जांबवान ज्यांच्या मनात आहे त्यांना देवीच्या दारी आलेले अस्वल निव्वळ जनावर वाटत नाही, आणि हा भाव थट्टेवारी नेण्यासारखा नाही. प्रसाद वाटताना भेद करायचा नसतो. दारी आलेल्याला हाकलायचे कसे, हा तिथला खरा पेच आहे. कर्नाटकात हंपीजवळच्या दरोजी अभयारण्यात, जे 1994 साली खास अस्वलांसाठीच घोषित झाले, खडकांना गुळाचे मिश्रण फासले जाते, म्हणजे समोरच्या मनोऱ्यावरून अस्वले दिसतात. तिथे देव नाही, पर्यटक आहेत. अस्वलाच्या दृष्टीने फरक एवढाच की माणूस हाताच्या अंतरावर नसतो. हा फरक लहान वाटला तरी महत्त्वाचा आहे, कारण गूळ खडकाशी जोडला जातो आणि प्रसाद माणसाच्या हाताशी. गमतीची बाब अशी की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत आमिष दाखवणेही येते. भाविकाचा हेतू शिकाऱ्याचा नसतो हे उघड आहे. प्राण्याच्या सवयीवर होणारा परिणाम मात्र हेतू विचारत नाही.

जैन परंपरेत सर्व दानांत अभयदान श्रेष्ठ मानले आहे, आणि सगळा गुंता याच शब्दापाशी सुटू शकतो. अभय म्हणजे भीती नसणे, असा अर्थ घेतला तर माणसाच्या हातून निर्धास्त खाणारे अस्वल अभय मिळालेले ठरते. प्रत्यक्षात त्याच्याइतके संकटात दुसरे कुणी नसते. जीव वाचवणारी भीती काढून घेणे हे अभय होऊ शकत नाही. म्हणून अभय हा घेणाऱ्याच्या मनाचा गुण न मानता देणाऱ्याच्या वागण्याचा गुण मानावा लागतो: ज्याच्यापासून भय संभवते त्याने ते कारणच दूर करणे. असा अर्थ घेतला की डब्याचे झाकण घट्ट लावणे हेसुद्धा अभयदान ठरते. ऐकायला हे फार क्षुल्लक वाटते. पण जैन साधूंच्या पाच समितींपैकी, म्हणजे आचरणाच्या नियमांपैकी, एक, उत्सर्ग समिती, टाकाऊ गोष्टी कुठे आणि कशा टाकाव्यात याबद्दलच आहे. मलमूत्र आणि टाकाऊ वस्तू कुठल्याही जिवाला इजा होणार नाही अशा जागी, नीट पाहून टाकाव्यात, असा तो नियम. साधूंसाठीच्या या व्रताचे गृहस्थी रूप कचरापेटीजवळ शोधायला हरकत नाही. माऊंट अबू हे देलवाड्याच्या जैन मंदिरांसाठी प्रसिद्ध असलेले थंड हवेचे ठिकाण. तिथल्या कचऱ्यावर रात्री अस्वले येतात.

अन्न देऊ नये, इथवर वाद मिटतो. आधीच देऊन झाले असेल तर काय, हा प्रश्न जास्त कठीण आहे. यलोस्टोनमध्ये तो फार कडवट झाला. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड हे भाऊ 1959 पासून तिथल्या ग्रिझलींचा अभ्यास करत होते. उकिरडे बंद करावेत हे त्यांना मान्य होते, पण हळूहळू, पर्यायी अन्न देत, कारण कित्येक पिढ्या त्यावरच पोसल्या गेल्या होत्या. उद्यानाच्या अधिकाऱ्यांना निसर्ग लवकरात लवकर मूळ स्थितीत न्यायचा होता. 1963 मध्ये स्टार्कर लिओपोल्ड यांच्या समितीने राष्ट्रीय उद्याने हे आदिम अमेरिकेचे चित्र असावे अशी शिफारस केली होती, तिचे वजन त्यांच्या मागे होते. उकिरडे झटक्यात बंद झाले. उपाशी ग्रिझली तळांवर आणि गावांत शिरली. 1967 ते 1972 या वर्षांत त्या परिसरात दोनशेहून अधिक ग्रिझली मेली, आणि 1975 मध्ये या अस्वलाला कायद्याने संकटग्रस्त ठरवले गेले तेव्हा तिथे 136 च्या आसपासच उरली असावीत असा अंदाज आहे. पुढे संख्या सावरली; आज ती हजाराच्या जवळपास आहे. पण शेवट बरा झाला म्हणून मधली वर्षे योग्य ठरत नाहीत.

तत्त्वज्ञ क्लेअर पामर यांनी 2010 मधल्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. रानटी प्राण्याला मदत करण्याचे बंधन माणसावर एरवी नसते. मात्र त्याला परावलंबी माणसानेच केले असेल तर ते बंधन उत्पन्न होते. भारतीय भाषेत सांगायचे तर ते ऋण आहे, आणि ऋण दानासारखे ऐच्छिक नसते. घुंचापालीसारख्या ठिकाणी उद्यापासून प्रसाद बंद, असा फलक लावून मोकळे होता येणार नाही. आधी हाताने भरवणे थांबवावे, मग प्रसादाची जागा माणसांपासून दूर न्यावी, मग त्याचे प्रमाण घटवावे, आणि त्याच वेळी आसपासच्या जंगलातली बोर, जांभूळ, तेंदू, बहावा ही झाडे आणि वारुळे राखावीत, असा काही मार्ग न्यायाच्या जास्त जवळ जातो. देवीची परंपरा मोडावी लागत नाही. प्रसाद कुणी, कुठे ठेवायचा एवढेच बदलते.

यानंतर ‘माणसाचे अन्न’ हा शब्दप्रयोगच तपासावा लागतो. जपानमध्ये पर्सिमॉनच्या झाडावर एखाददुसरे फळ न तोडता ठेवण्याची जुनी रीत आहे. पाखरांसाठी, झाडाची कृतज्ञता म्हणून, पुढच्या बहराच्या आशेने. आपल्याकडच्या काकबळीला ती परकी वाटणार नाही. गावे ओस पडली आणि एखादे फळ राहण्याऐवजी अख्खी झाडे न तोडलेली राहू लागली. डोंगरात बीच आणि ओकची फळे धरली नाहीत की अस्वले गावातल्या या पर्सिमॉनच्या झाडांकडे उतरतात. 2023 मध्ये जपानमध्ये दोनशेहून अधिक माणसांवर हल्ले झाले, आणि स्थानिक संस्था फळे वेळेवर उतरवा नाहीतर झाड तोडा असे सांगू लागल्या. उदार रीत चुकीची नव्हती. ती पाळणारी माणसे उरली नाहीत.

विदर्भात आणि मध्य भारतात हा प्रश्न उलटा उभा राहतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळतात. ती वेचायला गडचिरोली, गोंदिया, मेळघाटातली माणसे अंधारात निघतात आणि त्याच झाडाखाली अस्वलही असते. फुले वेचणे हा आदिवासींच्या रोजीचा भाग आहे, 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केलेला आहे. आणि फुले हे अस्वलाचेही त्या ऋतूतले मुख्य अन्न आहे. इथे माणसाच्या अन्नाचा मोह अस्वलाला पडलेला नाही, दोघांना एकाच झाडाचा पडलेला आहे. झाकण लावायला डबा नाही. उजाडल्यावर जावे, एकट्याने जाऊ नये, चालताना आवाज करावा, असा सल्ला दिला जातो. तो बरोबर आहे. पण उजाडून उशिरा पोचणाऱ्याला झाडाखाली गुरांनी आणि हरणांनी खाऊन उरलेलीच फुले मिळतात, म्हणून माणसे अंधारातच निघतात.