घरच्यांसाठी केलंय

ठाण्याच्या एका कुटुंबाचा प्रवासातला नेम होता. मुंबईपासून नागपूरपर्यंत ज्यांच्या पाट्या सारख्या आणि चवही सारखीच, त्या साखळी हॉटेलांत शिरायचं नाही. गाडी थांबवायची ती गावच्या माणसाच्या हॉटेलापाशी. नेम वडिलांनी घातलेला. आईला तो पटला होता, आजीला त्याहून जास्त, आणि सातवीतल्या मुलाला अजिबात नाही. नेम चांगला होता, पण अर्धा होता. उरलेला अर्धा त्यांना खानदेशात सापडला.

डिसेंबरचे दिवस. जळगावला मुक्काम ठेवून सगळे अजिंठ्याला गेले. लेणी पाहून निघेपर्यंत दुपार कलली होती आणि चढउतार करून मुलाला कडकडून भूक लागली होती. पहूर मागे टाकल्यावर रस्त्याकडेला पत्र्याचं एक हॉटेल दिसलं. दारात बाज, पाण्याचा माठ, मागे कपाशीचं शेत. वडिलांनी समाधानानं गाडी वळवली.

मालकांनी प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं कार्ड आणून दिलं. पनीर टिक्का मसाला, काजू करी, व्हेज मंचुरियन, हाका नूडल्स. मुलानं नूडल्स सांगून टाकल्या. वडील म्हणाले, "एक पनीर, एक काजू करी आणि बटर रोट्या."

आजीनं कार्ड हातात घेतलंच नाही. तिला मागून धुराचा वास येत होता आणि त्या धुरात वांगं भाजल्याचा वास होता. ती उठून मागच्या अंगणात गेली. वेचणी आटोपलेल्या कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, पऱ्हाट्यांचा जाळ पेटला होता. त्यात हिरवी, पांढऱ्या रेषांची, वितीएवढी वांगी भाजत होती. मालकीणबाई भाजलेली वांगी सोलून लाकडी बडगीत ठेचत होत्या.

"भरीत का हो?"

"हो आजी. घरच्यांसाठी केलंय."

"आम्हाला वाढाल?"

बाई संकोचल्या. "तुम्ही कार्डावरचं घ्या ना. हे साधं आहे. गाडीवाल्यांना नाही चालत."

"नाही चालत असं कोण म्हणालं?"

बाईंचा हात थांबला. "म्हणालं असं कोणी नाही. पण मागितलंही नाही कोणी."

एवढ्यात मालक मागे आले. त्यांनी सांगितलं ते प्रत्येक प्रवाशानं ऐकावं असं आहे. हॉटेल टाकलं तेव्हा ते शेवभाजी करत, वरणबट्टी करत, थंडीत भरीत करत. गाड्या थांबायच्या, लोक उतरायचे आणि विचारायचे, पनीर आहे का? नाही म्हटलं की पुन्हा गाडीत बसायचे. मग पनीर आलं. पाठोपाठ नूडल्स आल्या. आता पनीर शहरातून टेम्पोनं येतं, ग्रेव्हीचं पाकीट कुठल्याशा कारखान्यातून येतं. गिऱ्हाइकानं दिलेल्या पैशातला मोठा वाटा आल्या वाटेनं परत शहरात जातो. मागच्या वावरातली वांगी मात्र घरच्यांपुरती उरली.

जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. सरकारदरबारी त्याचं नाव लागलं आणि त्याच जिल्ह्यातल्या रस्त्यावर, त्याच वांग्याच्या वावराला लागून असलेल्या हॉटेलाच्या कार्डावर ते नाही. सगळीकडे एकच चव झाली म्हणून आपण हळहळतो. ती चव आपणच जागोजागी मागितली आहे, आणि त्या माणसांनी आपला मान राखला, एवढंच.

आजी पुढे येऊन मुलाला म्हणाली, "अरे, इथलं जेवण मागे शिजतंय. आपण मागवतोय ते ठाण्यात कोपऱ्यावर मिळतं." वडील क्षणभर गप्प राहिले, मग मालकांना म्हणाले, "पनीर करायला घेतलं असेल तर त्याचे पैसे देतो. पण आम्हाला तुमचं वाढा."

ताटं आली. भरतात हिरवी मिरची आणि लसूण, मधूनच दाताखाली येणारे शेंगदाणे, वरून कांद्याची पात. सोबत ज्वारी आणि अख्खे उडीद एकत्र दळून केलेली कळण्याची भाकरी, कच्चं तेल, कांदा. भाकरी करड्या रंगाची आणि दिसायला ओबडधोबड. पण तिला उडदाचा जो खमंगपणा असतो तो दुसऱ्या कुठल्या भाकरीला नाही. धूर थेट वांग्याच्या गरात उतरलेला. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हे कधीच साधत नाही. ज्या दिवसांत वांगी भरतात त्याच दिवसांत शेतात पऱ्हाट्या वाळतात. खानदेशच्या मातीनं हा पदार्थ असा जुळवून दिला आहे. मुलानं नूडल्स खाल्ल्याच. पण आजीच्या ताटातला घास घेतल्यावर मिरचीनं डोळ्यांत पाणी आलं तरी त्यानं अर्धी भाकरी मागून घेतली.

पैसे देताना अडचण आली, कारण भरताला भावच नव्हता. "पनीरचे लावता तेच लावा," वडील म्हणाले.

"एवढे कशाला? वांगी आमच्या शेतातलीच आहेत."

"तुमच्या शेतातली आहेत म्हणूनच."

शेजारच्या टेबलावर आणखी एक कुटुंब येऊन बसलं होतं. ही ताटं पाहून त्यांनीही तेच मागितलं. घरच्यांसाठी केलेलं ते केवढं असणार! बाईंनी हात जोडून सांगितलं, "आज संपलं. उद्या जास्त करते." मालकांनी खिशातलं पेन काढलं आणि कार्डावर, मंचुरियनच्या खाली, 'भरीत-भाकरी' असं लिहिलं.

त्या कुटुंबाचा नेम अजून तोच आहे. हॉटेल गावच्या माणसाचं हवं, यात बदल नाही. पण आता टेकल्या टेकल्या ते पहिल्यांदा विचारतात, "आज तुमच्या घरी काय शिजलंय?" कधी उत्तर मिळतं, कधी समोरचा माणूस नुसता हसतो, आणि मग कार्डावरचं मुकाट्यानं खावं लागतं.

भरताचा हंगाम थंडीचा. या दिवसांत अजिंठ्याच्या रस्त्याला लागलात, तर कार्ड उघडण्याआधी एवढा प्रश्न अवश्य विचारा.